नवी स्पोर्ट्स कार आणि हात बसण्याचा काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी आजवर साध्या सेडान किंवा हॅचबॅक गाड्या चालवल्या आहेत आणि आता पहिल्यांदाच स्पोर्ट्स कार घेतली आहे, त्यांच्या मनात सुरुवातीच्या काही महिन्यांत जे प्रश्न येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका आणि येथील मजकूर यांत कोठे फरक आढळल्यास पुस्तिकेतील सूचनाच पाळावी.

मी पंधरा-वीस वर्षे गाडी चालवत आहे. मग नव्याने सवय करून घेण्याची गरज काय?

आजवरच्या अनुभवाने आपल्याला गाडी चालवायला शिकवले आहे हे खरे, पण त्याच अनुभवाने वेगाचा अंदाज घेण्याची एक ठरावीक पद्धतही अंगवळणी पाडली आहे, आणि नेमकी तीच पद्धत येथे फसते. साधी गाडी ताशी 100 किलोमीटरच्या आसपास पोहोचली की इंजिनचा आवाज चढतो, वाऱ्याची घरघर वाढते, वळणावर गाडी एका बाजूला कलते, आणि आपण नकळत पाय सैल करतो. स्पोर्ट्स कारची चौकट ताठ असते, ती रस्त्याला धरून असते आणि वळणावर फारशी कलत नाही. त्यामुळे जुनी गाडी ज्या खुणांनी सावध करत होती त्या खुणा येथे फार उशिरा, कधी कधी तर मर्यादेच्या अगदी तोंडाशी मिळतात.

आकड्यांत सांगायचे तर ताशी 60 किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते आणि ताशी 100 ला सुमारे 28 मीटर. साध्या गाडीला शून्यापासून 100 पर्यंत पोहोचायला 10-11 सेकंद लागत असतील आणि नव्या गाडीला 4 सेकंद, तर पूर्वी विचार करायला मिळणारा वेळ निम्म्याहूनही कमी झाला. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते आणि हा नियम कोणत्याही गाडीला चुकत नाही. म्हणून पहिले काही आठवडे वेगाचा अंदाज कानांवर न सोपवता स्पीडोमीटरवर वारंवार नजर टाकण्याची सवय लावावी. हे किरकोळ वाटते, पण माझ्या मते या पानावरील सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे.

बसण्याची जागा कशी लावावी?

आसन खाली असल्यामुळे अनेक जण पाठ मागे टाकून, हात लांब करून बसतात. ते चित्रात छान दिसते, पण त्या स्थितीत स्टिअरिंग झटकन फिरवता येत नाही. खांदे आसनाला टेकलेले असताना हात सरळ पुढे केले तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत एअरबॅगसाठी किमान 25 सेंटिमीटर अंतर असावे. हात घड्याळातील 9 आणि 3 या आकड्यांच्या जागी ठेवावेत. त्यानंतर आरसे पुन्हा लावावेत, कारण आसन हलले की आरशातील दृश्य बदलते. गाडीची हालचाल सर्वांत आधी पाठीला आणि बैठकीला जाणवते. म्हणून आसन अंगाला नीट धरून असणे हा केवळ आरामाचा विषय नाही.

रनिंग-इन आजही पाळावे लागते का?

होय. रनिंग-इन म्हणजे नव्या गाडीचे सुरुवातीचे काही अंतर तिला जपून चालवणे. कारखान्यातील अचूकता वाढली असली तरी पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती, गिअरचे दाते, बेअरिंग यांचे पृष्ठभाग प्रत्यक्ष भाराखाली एकमेकांशी जुळायला काही अंतर जावे लागते. उत्पादकानुसार हे अंतर साधारणपणे 1,000 ते 3,000 किलोमीटर असते. या काळात इंजिनचे फेरे किती ठेवावेत याची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते आणि लाँच कंट्रोल (उभ्या गाडीने पूर्ण जोरात झेप घेण्याची सोय) वापरू नये असेही अनेकदा स्पष्ट लिहिलेले असते. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना, म्हणजे त्या कंपनीच्या जोरकस स्पोर्ट्स गाड्यांना, सुमारे 2,000 किलोमीटरनंतर एक खास तपासणी असते आणि तीत इंजिनचे व डिफरन्शियलचे (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) ऑइल बदलतात, यावरून त्या पहिल्या टप्प्याचे महत्त्व लक्षात यावे.

मात्र रनिंग-इन म्हणजे गाडी सतत मंद चालवणे असा एक गैरसमज आहे. तासन्‌तास एकाच वेगाने जाणे किंवा वरच्या गिअरमध्ये अगदी कमी फेऱ्यांवर इंजिनला ओढायला लावणे हेही टाळायचे असते. फेरे वर-खाली होत राहतील असे वळणावळणाचे, मोकळे रस्ते या काळासाठी उत्तम. चालकाच्या दृष्टीने ही सक्तीची संथ गती सोयीचीच पडते, कारण इंजिन आणि चालक दोघांनाही रुळायला जवळपास तेवढाच काळ लागतो.

टायर आणि ब्रेक तर नवेच आहेत. त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून भरवसा ठेवता येईल ना?

नाही. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा पातळ थर राहिलेला असू शकतो आणि तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. ब्रेकचे पॅड आणि डिस्कही एकमेकांवर बसायला वेळ घेतात. त्यामुळे पहिले 200 ते 300 किलोमीटर पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे. पुढे कधी टायर किंवा पॅड बदलले, तर हाच नियम पुन्हा लागू होतो.

सकाळी गाडी सुरू केल्यावर किती वेळ थांबावे?

उभ्या गाडीत इंजिन तापवत बसण्याची गरज नाही. काही सेकंदांनी निघावे, पण सावकाश. येथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, ती म्हणजे पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला की इंजिन तयार झाले असे समजणे. इंजिन ऑइल पाण्यापेक्षा बरेच उशिरा तापते, आणि ऑइल घट्ट असताना फेरे वर नेले तर त्याची झीज लगेच दिसत नसली तरी ती होते. ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा असेल तर तो पाहावा. काही गाड्यांत इंजिन थंड असताना फेऱ्यांच्या काट्यावरची लाल मर्यादाच खाली असते आणि ऑइल तापत जाईल तशी वर सरकते. असे काहीच नसेल, तर पाण्याचा काटा स्थिर झाल्यावर आणखी निदान दहा मिनिटे धीर धरावा. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग) असलेल्या गाडीत जोरात चालवून झाल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवले, तर तापलेल्या टर्बोला थंड व्हायला अवधी मिळतो.

अ‍ॅक्सिलरेटरला जरा पाय लावला तरी गाडीला धक्का बसतो. हा दोष आहे का?

बहुधा दोष पायाचा असतो, आणि तो सुधारतो. जुन्या गाडीत जेवढे दाबल्यावर गाडी हळूच निघत असे, तेवढ्यात ही गाडी उसळते. टाच जमिनीवर टेकवून घोट्यातून दाबावे, म्हणजे खड्ड्यातून जाताना पाय आपोआप हलत नाही. पातळ तळाचे बूट घातल्यास फरक चटकन जाणवतो.

टर्बो असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट शिकावी लागते: पाय दाबणे आणि ताकद येणे यांत क्षणभराचे अंतर पडते. नवखा चालक त्या क्षणी आणखी दाबतो, आणि मग सगळी ताकद एकदम येते. वळणाच्या मध्यावर हे घडले तर मागची चाके घसरू शकतात. याउलट टर्बो नसलेल्या, उंच फेऱ्यांच्या इंजिनात खालच्या फेऱ्यांना पिकअप सौम्य असतो आणि वर गेल्यावर तो वाढत जातो. तेथे धक्का बसत नाही, पण ओव्हरटेक करण्यापूर्वी गिअर खाली घ्यावा लागतो.

स्पोर्ट मोड कधी वापरावा?

हात बसेपर्यंत वापरू नये. स्पोर्ट मोडमध्ये इंजिनची ताकद सहसा तेवढीच राहते. बदलतो तो अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची वेळ, सस्पेन्शनचा कडकपणा, स्टिअरिंगचा जडपणा आणि आवाज. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्या तर कोणती गोष्ट कशामुळे घडली हे कळत नाही. महिनाभर नेहमीच्याच मोडमध्ये राहावे. खडबडीत रस्त्यावर कडक सस्पेन्शन तोट्याचेच ठरते, कारण उडणाऱ्या चाकाला पकड नसते.

गर्दीत ड्युअल क्लच गिअरबॉक्स अडखळतो. काय करावे?

या गिअरबॉक्समध्ये आतले दोन्ही क्लच खरे क्लचच असतात, फक्त ते यंत्र दाबते. गाडी इंच-इंच पुढे सरकवत राहिल्यास ते अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी रेटण्यासारखेच होते आणि क्लच तापतो. पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जावे. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरने धरून ठेवू नये, ब्रेकने धरावी.

हाताने गिअर बदलायच्या गाडीत क्लच जड असतो आणि तो नेमका कोठे पकडतो ती जागा वेगळी असते. रिकाम्या, सपाट जागी अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात हात न लावता, म्हणजे पाय न लावता, केवळ क्लच सोडून गाडी हलवण्याचा सराव वीस-पंचवीस वेळा केला की ती जागा पायाला कळते. गिअर खाली घेताना फेरे जुळवून घेण्याची कला त्यानंतरची. अनेक नव्या गाड्या ते काम स्वतःच करतात.

स्टिअरिंग फार चंचल वाटते. सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते असे का वाटते?

साध्या गाडीत रस्त्यावरचे चाक एक अंश वळवायला स्टिअरिंग साधारणपणे 15-16 अंश फिरवावे लागते. फेरारी 458 मध्ये हे प्रमाण सुमारे 11.5 आहे. म्हणजे हाताची जुनी हालचाल येथे जास्तीची ठरते. पकड सैल ठेवली आणि नजर दूर ठेवली की हात आपोआप शांत होतात. बॉनेटच्या लगेच पुढे पाहणारा चालक सतत बारीकसारीक दुरुस्त्या करत राहतो, आणि या गाडीत त्या सगळ्या दुरुस्त्या जाणवतात.

भरकटण्याचे कारण बरेचदा वेगळे असते. अवजड वाहनांमुळे रस्त्यावर पडलेल्या चाकोऱ्यांच्या उताराला रुंद टायर धरून चालतात आणि स्टिअरिंग किंचित ओढले जाते. घट्ट धरून झगडू नये. मात्र गुळगुळीत, सपाट रस्त्यावरही गाडी नेहमी एकाच बाजूला ओढत असेल, तर टायरमधील हवा आणि चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी.

वळणावर नेमके काय वेगळे करावे लागते?

हा या सगळ्यातील गाभ्याचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

टायरजवळ पकड मोजकीच असते. ती ब्रेकसाठी, वेग वाढवण्यासाठी आणि वळण्यासाठी एकाच गाठोड्यातून काढावी लागते. ब्रेकवर सगळी खर्च केली तर वळायला उरत नाही. म्हणून ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना लावावा, गिअरही तेव्हाच खाली घ्यावा, वळणात अ‍ॅक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवावा, आणि बाहेर पडताना स्टिअरिंग जसजसे सरळ होईल तसतसा पाय वाढवावा. ही पद्धत कोणत्याही गाडीला चालते. फरक इतकाच की साधी गाडी ती न पाळणाऱ्याला बऱ्याच वेळा सांभाळून घेते.

दुसरी बाब वजनाच्या सरकण्याची. पाय अचानक उचलला की गाडीचे वजन पुढच्या चाकांकडे जाते आणि मागची चाके हलकी होतात. वळणात वेग जास्त वाटला की पाय उचलणे ही माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, आणि नेमक्या त्याच क्षणी मागचा भाग सुटू शकतो. पोर्शे 911 ही 1964 पासून उत्पादनात असलेली गाडी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे: तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने सुमारे 60 टक्के वजन मागच्या चाकांवर असते. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना तिला उत्तम पकड मिळते. पण जुन्या पिढ्यांतील 911 मध्ये वळणात घाबरून पाय उचलणाऱ्याला मागचा भाग हमखास धडा शिकवत असे. नव्या पिढ्या बऱ्याच सौम्य झाल्या आहेत, तरी वजन आहे तेथेच आहे.

इंजिन दोन्ही आसांच्या मध्ये असलेल्या गाडीचे वागणे आणखी निराळे. काठीच्या दोन टोकांना वजने बांधून ती फिरवून पाहावी आणि मग तीच वजने मध्याजवळ बांधून फिरवावी. दुसऱ्या वेळी काठी सहज फिरते. मध्ये इंजिन असलेली गाडी अशीच चटकन वळते, पण एकदा सुटली तर तितक्याच चटकन गर्रकन फिरते. माझदा एमएक्स-5 सारख्या गाडीत इंजिन पुढे असूनही वजन दोन्ही आसांवर जवळजवळ निम्मे-निम्मे आहे आणि ताकद माफक आहे; तिच्यात चूक हळू घडते, म्हणून ती कळते. शिकण्यासाठी अशी गाडी सोपी असते.

आपली गाडी यांपैकी कोणत्या जातीची आहे हे समजून घ्यावे, आणि वळणात वेग जास्त झाला असे वाटले तर पाय झटकन न उचलता हळू सैल करावा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. माणूस जेथे पाहतो तेथे हात गाडी नेतात, त्यामुळे कठड्याकडे पाहत राहणे सर्वांत वाईट.

स्थैर्य नियंत्रण प्रणाली बंद करून पाहिल्याशिवाय गाडी कळत नाही, असे म्हणतात. हे खरे का?

सार्वजनिक रस्त्यावर ती बंद करू नये. 1995 मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमधून पुढे आलेली ही प्रणाली गरज पडेल तेव्हा एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडीची दिशा सावरते. चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणे कोणत्याही चालकाच्या एका पायाला शक्य नाही. उलट तिचा उपयोग शिक्षक म्हणून करावा. डॅशबोर्डवर तिचा दिवा लुकलुकला की आपण काहीतरी घाईने केले असे समजावे आणि त्या जागी पाय किंवा हात काय करत होता ते आठवावे. ज्याला मर्यादेपलीकडचे वागणे अनुभवायचे आहे, त्याने बंदिस्त ट्रॅकवर प्रशिक्षकासोबत जावे. त्यापूर्वी आपला विमा ट्रॅकवरील नुकसान भरून देतो का ते वाचावे. बहुतेक विमे देत नाहीत.

पावसात काय जपावे?

रुंद टायरला समोरचे पाणी बाजूला सारण्याचे काम अधिक असते, आणि गाडी हलकी व टायर झिजलेला असेल तर तो पाण्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग एकदम हलके झाले ही त्याची खूण. अशा वेळी ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरून पाय हळूहळू सैल करावा. अनेक देशांत टायरच्या खाचांची किमान खोली 1.6 मिलिमीटर ठरवलेली आहे, पण ओल्या रस्त्यावर जोरकस गाडी चालवणाऱ्याने 3 मिलिमीटरलाच टायर बदललेले बरे. थंड प्रदेशात आणखी एक अडचण असते: स्पोर्ट्स कारच्या उन्हाळी टायरचे रबर सुमारे 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि कोरड्या रस्त्यावरही पकड घटते.

पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवले की पुढची चाके उड्या मारल्यासारखी घसरतात. काही तुटले आहे का?

नाही. पूर्ण वळवलेल्या स्थितीत आतले आणि बाहेरचे चाक ज्या वर्तुळांवरून जायला हवे त्यांहून किंचित वेगळ्या कोनात असते. रुंद, कडक आणि थंड टायर ती ओढाताण सहन न होऊन झटक्याने सरकतो. टायर तापल्यावर हे कमी होते. स्टिअरिंग थोडे कमी फिरवून एकदा मागे-पुढे करावे. कार्बन-सिरॅमिक ब्रेकची थंड असतानाची किंचाळी आणि पाऊस पडून गेल्यावर डिस्कवर दिसणारा तांबूस थर हेही याच यादीतले. मात्र आवाज रोजच्या रोज वाढत असेल, किंवा ब्रेक दाबताना पाय खोल जात असेल, तर वाट न पाहता तपासणी करावी.

गतिरोधक आणि उतारांवर गाडी खाली घासते. कसे टाळावे?

मोकळी जागा असेल तर तिरके जावे, म्हणजे एक-एक चाक चढते आणि बंपरचा ओठ वाचतो. वेग पायी चालण्याइतका ठेवावा. उतरताना ब्रेक दाबून ठेवू नये, कारण ब्रेकने गाडीचे नाक आणखी खाली जाते. पुढचा भाग सुमारे 4 सेंटिमीटर उचलणारी सोय असेल, तर ती अडथळ्याच्या आधी वापरावी, वर पोहोचल्यावर नव्हे. मी स्वतः पहिल्याच आठवड्यात फुटपाथच्या कडेला नाक टेकवून गाडी उभी केली आणि मागे घेताना बंपरचा खालचा पट्टा उचकटला. तेव्हापासून कडेपासून हातभर अलीकडेच थांबतो.

मागचे नीट दिसत नाही. याची सवय होते का?

पूर्णपणे नाही. मागची काच लहान असते आणि खिडक्यांची कड उंच असते. आरसे बाहेरच्या बाजूला अधिक वळवावेत, इतके की स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल, आणि लेन बदलण्यापूर्वी मान वळवून पाहावे. इतरांनाही आपली बुटकी गाडी चटकन दिसत नाही, आणि ती किती वेगाने येत आहे याचा अंदाज तर त्यांना मुळीच येत नाही. समोरच्याने पाहिले असेल असे गृहीत धरू नये.

स्पेअर चाक कोठे असते?

बहुतेक गाड्यांत नसते. त्याऐवजी टायर बुजवण्याचे द्रव्य आणि हवा भरण्याचे यंत्र असते. ते घरीच एकदा बाहेर काढून, सूचना वाचून ठेवावे. टायरची बाजू फाटली असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

विजेवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारला हे सगळे लागू होते का?

इंजिन तापवणे वगळता बरेचसे. मोटरची पूर्ण ओढ शून्य वेगापासूनच मिळते, त्यामुळे पाय हलका ठेवण्याचा सराव अधिक काटेकोर हवा. पोर्शे टायकानसारखी गाडी 2 टनांहून जड आहे; बॅटरी तळाशी असल्याने ती फारशी कलत नाही, पण वजन वजनच असते आणि ते ब्रेक लावताना कळते. आवाज नसल्यामुळे वेग आणखी लपतो. शिवाय पाय उचलल्यावर मोटर वीज परत साठवताना गाडी मंदावते खरी, पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना हा रोध कमी मिळू शकतो, आणि रोजच्या वळणावर गाडी अचानक अधिक पुढे जाते. घरून पूर्ण चार्ज करून निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरमध्ये हे ध्यानात ठेवावे.

मित्राला किंवा घरातल्या कोणाला चालवायला द्यावी का?

आपला स्वतःचा हात बसण्यापूर्वी देऊ नये, कारण शेजारी बसून त्यांना सावध करण्याइतकी गाडी आपल्यालाच कळलेली नसते. नंतर द्यायची झाल्यास विम्यात दुसऱ्या चालकाची तरतूद आहे का ते पाहावे, आसन आणि आरसे त्यांच्या मापाने लावून द्यावेत, मोड सर्वांत सौम्य ठेवावा, आणि निघण्याआधी रिकाम्या जागी दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहायला सांगावे. साध्या गाडीच्या सवयीने पहिला ब्रेक बहुतेक जण गरजेपेक्षा जोरात दाबतात. तो मागे कोणी नसताना दाबला गेलेला बरा.